शिडीखालच्या चपला

लग्नकार्यात कुणी "काय करता?" म्हणून विचारलं की मी सांगायचो, "कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे." समोरचा माणूस मान डोलवायचा, आणि जेवणं झाली की आपल्या पुतण्याला हाताला धरून आणायचा. "ह्याला तुमच्या गेटवर लावून घ्या की. उंची चांगली हाय." सुरुवातीला मी समजावून सांगत असे. गेटवरचा माणूस बाहेरच्या चोरावर नजर ठेवतो, माझं काम आतल्या माणसांवर नजर ठेवायचं. सकाळी ज्या हातापायांनिशी माणूस आत आला, त्याच हातापायांनिशी तो संध्याकाळी बाहेर पडला पाहिजे, एवढंच ते काम. पुढे पुढे मी नुसतं "बघतो" म्हणू लागलो.

हा लेख मागवणाऱ्या संपादकांना ह्या नोकरीतल्या गमती हव्या आहेत. गमती आहेत. लातूरजवळच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात माझी शेवटची बरीच वर्षं गेली. कारखान्याचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून तिथंच कमावून खातात. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना हेल्मेटं वाटली. आठ दिवसांनी एक हमाल हेल्मेट उलटं धरून त्यात सीताफळं घेऊन आला, आणि त्यातली दोन मलाच दिली. मग मी आगीची रंगीत तालीम घेतली. सायरन झाल्याबरोबर सगळे अगदी शिस्तीत गेटबाहेर गेले. मी हजेरीचा कागद घेऊन पोचेपर्यंत अर्धी पाळी ऑटो करून घरी गेली होती. सायरन झाला म्हणजे सुट्टी झाली असं वाटलं, असं दुसऱ्या दिवशी कळलं.

पण खरं सांगायचं तर गमती आठवायला मला जोर लावावा लागतो. आपोआप आठवते ती काळजी. माझी बायको नांदेडला शाळेत शिक्षिका होती. ती म्हणते, "तुमच्यासंगं लग्नाला जायचं म्हणजे शिक्षाच हाय." कारण मंगल कार्यालयात शिरलो की मी आधी दारं मोजतो, मग स्वयंपाकाचे सिलिंडर मांडवाच्या कापडापासून किती लांब आहेत ते बघून येतो, मग नवरानवरीला भेटतो. आमच्या गल्लीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत सगळे नाचतात, मी जनरेटरच्या वायरीकडे बघत चालतो. सुट्टीच्या दिवशी फोन वाजला की मी आधी पायात बूट चढवायचो, मग फोन उचलायचो. फोन दूधवाल्याचा निघाला तरी एकदा कारखान्यात फोन लावून खात्री करून घ्यायचो. निवृत्त झालो तरी ते गेलेलं नाही.

ह्या काळजीला एक कारण आहे, आणि ते मी यंदापर्यंत कुणाला नीट सांगितलेलं नव्हतं.

त्यासाठी कारखाना थोडा समजून घ्यावा लागेल. बाजारातून आलेलं सोयाबीन पत्र्याच्या उंच, गोल कोठारांत भरतात. आम्ही त्याला बिन म्हणतो. खेड्यातली कणगी डोळ्यांपुढे आणा आणि ती तीन-चार मजले उंच करा. वरच्या झाकणातून माल आत पडतो, तळाला नरसाळं असतं, आणि नरसाळ्याखालून साखळीचा कन्व्हेयर तो माल मशिनीकडे ओढून नेतो. बाहेरून एक लोखंडी शिडी झाकणापर्यंत चढते. शिडीच्या पायथ्याशीच कन्व्हेयरचं बटन आहे. परतीचा पाऊस लांबला की सोयाबीन ओलं येतं, दाणे एकमेकांना धरतात आणि बिनमध्ये वर जाड खपली तयार होते. खाली कन्व्हेयर रिकामा फिरतो आणि माल वरच अडकून बसतो. मग कन्व्हेयर बंद करून कुणीतरी शिडी चढतो, झाकणातून आत उतरतो आणि लोखंडी पहारीनं ती खपली फोडतो.

माणूस आत असताना खालून कन्व्हेयर सुरू झाला, तर दाणे खाली सरकू लागतात आणि माणसालाही सोबत नेतात. गुडघ्यापर्यंत रुतला की त्याला आपलं आपण निघता येत नाही. डोकं दिसेनासं व्हायला तंबाखू मळून तोंडात टाकण्याएवढा वेळही लागत नाही. धान्यात माणूस बुडतो, हे बाहेरच्या लोकांना लवकर पटत नाही.

म्हणून मी परवाना सुरू केला होता. बिनमध्ये उतरायचं तर छापील कागदावर तीन सह्या, कन्व्हेयरच्या बटनाला कुलूप, किल्ली माझ्याकडे, आणि वर दोर धरून एक माणूस. मोठी साफसफाई असली की हे सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं व्हायचं. पण हंगामात ट्रकांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत लागलेली असताना, दोन मिनिटांची खपली फोडायला कुणी कागद भरत नसणार, हे मला कळत होतं. कळत होतं आणि मी विचारत नव्हतो. तरी तिथं कधी कुणी बुडालं नव्हतं. ते माझ्या कागदामुळेच, असं मी धरून चाललो होतो.

मग एकदा एका हमालाच्या पायावर पहार पडून दोन बोटं मोडली. पायात साधी चप्पल होती. मी पेटून उठलो. मालकांच्या मागे लागून सगळ्यांना सेफ्टी शूज आणवले आणि फर्मान काढलं की चपला गेटवरच्या मांडणीत ठेवायच्या, आत फक्त बूट. आत कुठं चप्पल दिसली की मी फोटो काढायचो. बिनच्या शिडीखाली तर एखादी जोडी हटकून पडलेली असायची. तिचा फोटो मी प्रशिक्षणात 'अव्यवस्थितपणा' असा मथळा देऊन कितीदा तरी पडद्यावर दाखवला. समोर बसलेले हमाल त्या फोटोकडे बघत आणि मग एकमेकांकडे बघत.

बूट वाटले त्या दिवशी महेबूब चाचा माझ्या केबिनमध्ये आले. हे हमालांचे मुकादम. साठीला टेकलेले, आवाज कधी चढला नाही, पण त्यांच्या शब्दाबाहेर एक पोतं हलत नसे.

"साब, बूट घालून धान्यावर पाय द्यायचा?"

"मग काय झालं, चाचा?"

"अन्न हाय ते. आमी चप्पल खाली काढतो, मंग शिडी चढतो. आधीपसून तसंच हाय."

"अनवाणी शिडी चढायची? घसरला म्हणजे? ते काही चालायचं नाही. शिडीवर, आत, सगळीकडे बूट पाहिजेत. मी कॅमेऱ्यात बघणार."

"तुमची मर्जी," चाचा म्हणाले आणि गेले.

मी बिलोलीकडच्या खेड्यातून आलेला माणूस. जुन्या समजुती झुगारूनच आमचं घर उभं राहिलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. चाचांचं म्हणणं मला तसल्याच समजुतींपैकी एक वाटलं. काही महिन्यांत कारखान्यात एकही चप्पल दिसेनाशी झाली. मुख्य कार्यालयानं कौतुकाची ढाल पाठवली. ती कॅन्टीनमध्ये टांगली, आणि मी रोज जेवताना तिच्यासमोरच्याच बाकावर बसू लागलो.

पुढच्याच हंगामात पाऊस लांबला.

त्या दिवशी दुपारच्या चहाच्या सुमारास मी फेरीवर होतो. बिनपाशी विठ्ठल होता, कन्व्हेयरचा ऑपरेटर, कामाला चोख; कन्व्हेयर बंद करून चहाला गेलेला तो नुकताच परतला होता. माझ्यासमोर त्यानं बटन दाबलं, कन्व्हेयर धडधडत सुरू झाला, थोडा चालला आणि खडखड करून बंद पडला. विठ्ठल मोटरीला शिव्या देत परत पॅनेलकडे वळला. बंद पडलेली मोटर एकदा पुन्हा चालू करून बघायची, ही सगळ्या कारखान्यांतली सवय. त्याचं बोट बटनापाशी पोचलं तेवढ्यात महेबूब चाचा चहाचा ग्लास घेऊन कोपऱ्यावरून आले.

"इठ्ठल, माणिक कुठाय रे? त्याचा चहा तसाच राहिलाय."

"मला काय ठावं?"

माणिक हा चाकूरकडचा हमाल, पस्तिशीचा. अंगानं शिडशिडीत, म्हणून खपली फोडायला नेहमी तोच उतरायचा. चाचांनी शिडीच्या पायथ्याकडे पाहिलं, मग वरच्या उघड्या झाकणाकडे पाहिलं. ग्लास त्यांच्या हातातून सुटला.

"हात काढ! बटनावरचा हात काढ!"

चाचांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्या वयात ते माझ्या आधी शिडी चढून वर पोचले. वर झाकणाशेजारी सेफ्टी शूजची एक जोडी नीट लावून ठेवलेली होती, नाड्या आत खोचलेल्या. माझ्या आणि कॅमेऱ्याच्या धाकानं माणिक बूट घालूनच शिडी चढला होता, पण धान्यात उतरताना त्यानं ते काढले होते.

मी झाकणातून आत डोकावलो. माणिक छातीपर्यंत रुतलेला होता. दोन्ही हात वर, तोंड धुळीनं पांढरं. त्याच्या हातून सुटलेली पहार खाली जाऊन साखळीत अडकली होती, म्हणून मोटर बंद पडली होती. विठ्ठलनं आणखी एकदा बटन दाबलं असतं तर पहार मोडून कन्व्हेयर पुढे चालू झाला असता. मी झाकणाच्या कडेला पत्र्यावर पालथा झालो.

"दोर टाका! वढा त्याला वर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ओढायचं नाही," मी म्हणालो. छातीपर्यंत रुतलेल्या माणसाला ओढलं तर दाणे त्याला सोडत नाहीत, त्याचे सांधे मात्र निखळतात. आणखी खाली जाऊ नये म्हणून काखेतून दोर बांधायचा, त्याच्याभोवती पत्रे खुपसून आडोसा करायचा, आणि आडोशाच्या आतले दाणे घमेल्यानं उपसायचे. हे मी वाचलेलं होतं. करायची वेळ कधी आली नव्हती. दोघे हमाल फळ्या टाकून आत उतरले, पत्रे आले, घमेली आली. मी खाली ओरडून विठ्ठलला मेन स्विच पाडून कुलूप लावायला सांगितलं, आणि एकानं किल्ली वर आणून माझ्या हातात दिली.

माणिकचा श्वास तोकडा होत चालला होता. माणसानं श्वास सोडला की छाती जेवढी आत जाते तेवढी जागा दाणे घेतात आणि परत देत नाहीत.

"साहेब, खालचं चालू व्हनार न्हाई ना?"

"नाही रे. कुलूप लावलंय. ही बघ किल्ली."

त्यानं किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या मागे वाकलेल्या चाचांकडे बघून म्हणाला, "चाचा, तुमची चप्पल खाली हाय का?"

चाचांनी आपल्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या पायात बूट होते.

"खाली काय बी दिसलं न्हाई, म्हनून इठ्ठलनं बटन दाबलं," माणिक एकेक शब्द तोडत म्हणाला. "चप्पल दिसली की त्यो हात लावत न्हाई. कुनीच लावत न्हाई."

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं ह्या बिनमध्ये माणसं वाचली ती माझ्या कागदानं नाही. अन्नावर चप्पल घालून पाय द्यायचा नाही म्हणून ते ती शिडीखाली काढत, आणि ती बटनासमोर पडलेली दिसली की बटनावरचा माणूस समजून जायचा की आत कुणीतरी आहे. कुणी ठरवलेलं नव्हतं, कुणी शिकवलेलं नव्हतं. मी त्याचा फोटो काढून 'अव्यवस्थितपणा' म्हणून दाखवला आणि ते बंद पाडून ढाल घेतली.

मी पडल्या पडल्याच पायातले बूट काढले आणि एका हमालाकडे दिले. "बटनासमोर ठेव." तो झरझर उतरला. खालून विठ्ठलचा रडवेला आवाज आला, "दिसले! साहेबाचे बूट दिसले रे, माणिक! मी हितंच उभा हाय!"

माणिकनं डोळे मिटले. त्यानंतर तो एकदाही खालच्या मशिनीबद्दल बोलला नाही. घमेल्यामागून घमेलं वर येत राहिलं, मधेच एक पत्रा सरकला आणि दाणे त्याच्या गळ्यापर्यंत आले, तेव्हा चाचा मोठ्यानं दुआ म्हणू लागले. मी काय म्हणत होतो ते मला आठवत नाही. दिवस कलायच्या आत माणिक बाहेर आला. बरगड्या मुकामार लागून काळ्यानिळ्या पडल्या होत्या, पण जिवंत होता.

त्याला दवाखान्यात नेल्यावर मी चाचांना विचारलं, "चाचा, हे तुम्ही मला आधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं व्हतं की, साब. चप्पल खाली काढतो म्हनलो व्हतो."

"पण ती बटनवाल्याला दिसावी म्हणून..."

"ते काय सांगायचं? ते तर समद्यालाच ठावं हाय." ते खरंच बुचकळ्यात पडले होते. त्यांच्या लेखी हे न कळणारा माणूस जगात मी एकटाच होतो.

आता ज्याची मला लाज वाटते तो भाग. अपघाताचा अहवाल मीच लिहायचा होता. मॅनेजर म्हणाले, "सोनकांबळे, कामगार परवाना न घेता आत उतरला, हे खरं आहे ना?" खरं होतं. मी तेवढंच लिहिलं. बुटांचं फर्मान लिहिलं नाही, चपलांचं लिहिलं नाही. माणिकनं दवाखान्यातल्या खाटेवर "माझी चूक झाली" अशा जबाबावर सही केली. ठेकेदारानं त्याला परत कामावर घेतलं नाही. मी मधे पडलो असतो तर माझं बुटांचं फर्मानही उघड झालं असतं, आणि मुलीचं शिक्षण चालू होतं. कारण सांगतोय, सबब नाही.

कामात मात्र मी बदल केला. धान्यात आणि शिडीवर घालायला वेगळे, स्वच्छ कापडी बूट आणले, आणि पायातले जड बूट शिडीखाली बटनासमोर काढूनच वर जायचं असं सगळ्यांना सांगितलं. कुलूप आणि परवान्याबाबतही मग मी कुणाचं ऐकलं नाही. पण बुटांचं कागदावर घेतलं नाही. घेतलं असतं तर का, हे लिहावं लागलं असतं.

यंदा पुन्हा पाऊस लांबला. टीव्हीवर भिजलेलं सोयाबीन दाखवू लागले आणि माझी झोप गेली. शेवटी एके सकाळी नांदेडहून निघालो आणि चाकूरला उतरून माणिकचं गाव गाठलं. तो आता पिठाची गिरणी चालवतो. गिरणीची दोन्ही दारं सताड उघडी होती. बंद जागेत त्याला बसवत नाही, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. मी ओट्यावर बसलो आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि मी ती अहवालातून वगळली.

"मला ठावं हाय की," माणिक म्हणाला.

"ठावं होतं तर सही कामून केलीस?"

तो हसला. "तुमाला काढलं असतं तर दुसरा साहेब आला असता. त्याला पुन्हा पयल्यापसून शिकवावं लागलं असतं. तुमाला तर शिकवून झालं व्हतं."

त्याच्या बायकोनं चहा आणला. माणिकनं जात्यातून पडणारं पीठ बोटांवर घेऊन बघितलं आणि सहज विचारलं, "आता तुमच्या जागी कोन हाय?"

"पुण्याचा मुलगा आहे. हुशार आहे."

"त्याला सांगितलं असंल ना समदं?"

जबाबदारी सोपवताना मी त्याला फायली दिल्या होत्या, किल्ल्या दिल्या होत्या, परवान्याची पॅडं दिली होती. हे सांगितलं नव्हतं. चाचा वारले, विठ्ठल दुसऱ्या कारखान्यात गेला. मी नकारार्थी मान हलवली. माणिकच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"मंग हितं काय करायलात, साहेब? जावा की."

मी उलटा नांदेडकडे न वळता लातूरची गाडी धरली. वाटेत त्या पुण्याच्या मुलाला दोनदा फोन लावला, उचलला गेला नाही. त्या तासाभरात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथं लिहीत नाही. कारखान्यात पोचलो तर तो मुलगा लगबगीनं बाहेर आला, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बिनचं नाव काढताच म्हणाला, "सर, तिथं शिडीखाली लोक बूट टाकून ठेवतात. फारच वाईट दिसतं. कालच नोटीस लावली मी, आता दिसणार नाहीत."

मी त्याला आधी ती नोटीस काढायला लावली, माझ्या डोळ्यांसमोर. मग ढालीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मला त्याची दया आली. शेवटी त्यानं लॅपटॉप उघडला, त्या वर्षीचा माझा अहवाल काढला आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

"सर, ह्यात तर ह्यातलं काहीच नाही. कुठं लिहिलेलं आहे का हे?"

"नाही," मी म्हणालो. "आता लिहितो. माझ्या नावानं."